नारायण सुर्वे : चरित्राची सोय आणि कवितेची अडचण

फेब्रुवारी महिना सरत आला, की मराठी विभागांना एकाएकी भाव येतो. एरवी वेळापत्रकातला सकाळचा पहिला किंवा दुपारचा शेवटचा तास ज्यांच्या वाट्याला येतो, त्या आम्हा मंडळींना २७ तारखेच्या मराठी भाषा गौरव दिनाला व्यासपीठावर मानाने बसवले जाते. फलकलेखन, काव्यवाचन, पाहुण्यांचे भाषण आणि आभार असा हा ठरलेला विधी. नवी मुंबईत गेली वीसेक वर्षे पदवीच्या वर्गांना मराठी शिकवणारे आम्ही दोघे असे बरेच विधी पार पाडून बसलो आहोत. अशाच एका कार्यक्रमातले एक भाषण आणि त्यानंतर एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न हे या लेखाचे निमित्त.

पाहुणे व्यक्तिमत्त्वविकासाचे वर्ग घेणारे होते आणि विषय होता नारायण सुर्वे. त्यांनी सुरुवात मोठ्या नाट्यमय रीतीने केली. कचऱ्याच्या ढिगावर टाकलेले एक तान्हे मूल, पुढे हॉटेलातला पोऱ्या, गिरणीतला कामगार, शाळेतला शिपाई, मग शिक्षक, मग साहित्य संमेलनाचा अध्यक्ष आणि पद्मश्री! प्रत्येक पायरीला टाळ्या पडत गेल्या. अखेरीस त्यांनी बोट रोखून विचारले, ‘ते करू शकले, मग तुम्ही का नाही?’ पाऊण तासाच्या त्या भाषणात सुर्व्यांच्या कवितेची एक ओळही आली नाही. ती आली नाही हे सभागृहात कोणाला जाणवलेही नाही.

कार्यक्रम संपल्यावर दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी आमच्यापैकी एकाजवळ येऊन उभा राहिला. त्याचे आजोबा लालबागच्या गिरणीत होते, वडील तुर्भ्याच्या घाऊक बाजारात माथाडी आहेत. तो म्हणाला, ‘‘सर, आजोबा काही झाले नाहीत. बाबाही काही झाले नाहीत. मग चूक त्यांचीच म्हणायची का?’’

त्या क्षणी आम्हांला धड उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : सुर्व्यांचे चरित्र आज त्यांच्या कवितेपासून सुटका करून घेण्याचे साधन झाले आहे. चरित्र सोयीचे आहे, कारण ते एका माणसाचे आहे. त्यात आरंभीचे दुःख आहे, मधला संघर्ष आहे आणि शेवटी सन्मान आहे. ऐकणाऱ्याने डोळे टिपावेत आणि घरी जावे. कविता मात्र अडचणीची आहे. ती एका माणसाची राहत नाही. ती ऐकणाऱ्याला विचारते, की बाबा रे, या गर्दीत तू कोठे उभा आहेस? हा प्रश्न टाळण्यासाठी आपण सर्वांनी मिळून कवीची गोष्ट पुढे केली आहे, आणि या ‘सर्वां’त आम्ही प्राध्यापक मंडळी पहिल्या रांगेत आहोत.

प्रथम त्या गोष्टीकडेच पाहू. सुर्व्यांचा जन्म १९२६चा. टाकून दिलेले हे मूल मुंबईच्या गिरणगावात गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला सापडले. नेमके कोठे, याची जागा सूत्रसंचालकागणिक बदलते. कधी तो पदपथ असतो, कधी गिरणीचे फाटक, तर कधी उकिरडा. टाळ्यांची गरज जेवढी मोठी, तेवढी जागा अधिक घाण! पण या नाट्याच्या नादात जी गोष्ट खरोखर थक्क करणारी आहे ती निसटते. स्वतःचेच पोट हातावर असलेल्या एका कामगाराने ते मूल उचलले, घरी नेले, आणि त्याच्या पत्नीने, काशीबाईने, ते आपले म्हटले. मुलाला नाव दिले, आडनाव दिले, चार इयत्ता शिकवले. गंगाराम सुर्वे कामावरून निवृत्त होऊन कोकणात परतले तेव्हा जाताना त्यांनी मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले, असे सांगतात. त्यापुढे मुलगा आणि मुंबई.

आता सांगा, ही ‘एकट्याने करून दाखवल्या’ची गोष्ट आहे काय? या आयुष्याच्या प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी माणूस उभा आहे. गंगाराम आहेत, काशीबाई आहेत. कामगार संघटना आहे, कम्युनिस्ट पक्ष आहे. चौथीपुढे शाळा सुटलेल्या तरुणाला वाचायला, बोलायला, सभेत उभे राहायला शिकवणारी ती एक रात्रशाळाच होती. आणि जन्मभराची साथ देणाऱ्या कृष्णाबाई आहेत, ज्यांनी पुढे ‘मास्तरांची सावली’ हे आत्मकथन लिहून या संसाराची दुसरी बाजू मराठी वाचकासमोर ठेवली. अरुण खोपकरांनी सुर्व्यांवर केलेल्या, राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त लघुपटाचे नावच ‘नारायण गंगाराम सुर्वे’ असे आहे. त्यातला मधला शब्द आमच्या पाहुण्यांनी खाऊन टाकला होता. स्वतःच्या हिमतीवर वर चढलेल्या नायकाची गोष्ट रचायची, तर त्याला उचलून घेणारे हात आधी पुसावे लागतात.

म्हणजे चरित्राचा आधार घेणाऱ्यांनी चरित्रही नीट सांगितलेले नाही, ही आमची पहिली तक्रार.

दुसरी तक्रार वाङ्मयीन आहे. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा संग्रह १९६२चा, ‘माझे विद्यापीठ’ १९६६चा, ‘जाहीरनामा’ १९७५चा. ‘सनद’ १९८२मध्ये आली आणि ‘नव्या माणसाचे आगमन’ १९९५मध्ये. त्याच वर्षी परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, १९९८मध्ये पद्मश्री. मधल्या काळात त्यांनी कृष्ण चंदरांच्या ‘तीन गुंडे’ आणि ‘दादर पुलाकडील मुले’ या पुस्तकांचे अनुवाद केले. तीन दशकांहून अधिक काळात मोजकीच पुस्तके लिहिणारा हा कवी होता. शब्द भारंभार वापरण्याची चैन त्याला परवडणारी नव्हती, आणि मानवणारीही नव्हती. अशा कवीच्या बाबतीत समीक्षेचे पहिले काम कोणते? त्याचे शब्द तपासणे, त्याची रचना पाहणे, ‘मी’ हा शब्द त्याच्या कवितेत कोणासाठी येतो याचा शोध घेणे. त्याऐवजी आपल्याकडे दोन तट पडले. एका तटाने म्हटले, आयुष्य मोठे, पण कविता प्रचारकी. दुसरा म्हणाला, एवढे भोगल्यावर कविता कसली तपासता, नमस्कार करा! पहिल्याने नाक मुरडले, दुसऱ्याने हात जोडले. पुस्तक मात्र दोघांनीही मिटूनच ठेवले.

‘प्रचारकी’ या शेऱ्याचा समाचार एकदा घ्यायलाच हवा. ‘कार्ल मार्क्स’ ही कविता पाहा. प्रचारक आपल्या दैवताला चौथऱ्यावर बसवतो. सुर्वे मार्क्सला खाली उतरवून संपकऱ्यांच्या मोर्चात आणतात. तेथे एक बाई त्याची ओळख घरातल्या वडीलधाऱ्यासारखी करून देते, आणि पुढे तोच मार्क्स भाषण करणाऱ्या कामगाराच्या खांद्यावर हात ठेवून कवितेच्या गप्पा मारतो. या कवितेत जिव्हाळा आहे आणि मिस्किलपणाही आहे. आपल्या श्रद्धास्थानाशी इतक्या मोकळेपणाने वागणाऱ्या कवीला प्रचारक म्हणायचे, तर विठ्ठलाशी भांडणाऱ्या संतांनाही तेच म्हणावे लागेल. पहिल्या संग्रहाच्या शीर्षकात सुर्व्यांनी याच परंपरेची भाषा उचलली आहे. ‘ब्रह्म’ हा अध्यात्माच्या गाभाऱ्यातला शब्द त्यांनी घर नसलेल्या, गणगोत नसलेल्या माणसाच्या ‘मी’शी नेऊन जोडला. हा दावा घोषणेहून फार मोठा आहे. त्याची दखल घ्यायची म्हणजे ज्ञानेश्वरीपासून तुकोबांपर्यंतचा पट उलगडावा लागतो. त्यापेक्षा ‘प्रचारकी’ हा शेरा स्वस्त पडतो.

आता आमचा स्वतःचा कबुलीजबाब. गेल्या वीस वर्षांत आम्ही ‘सुर्वे यांच्या कवितेतील सामाजिक जाणीव स्पष्ट करा’ हा प्रश्न किती वेळा काढला असेल याची गणती नाही. त्याचे उत्तरही आम्हांला पाठ आहे. पहिले पान जन्म आणि बालपण, दुसरे पान केलेल्या नोकऱ्या, तिसऱ्यावर कवितांची नावे, शेवटी ‘अशा प्रकारे’. पंधरापैकी दहा गुण. उत्तर गाइडमधून आले हे आम्हांला कळत असे, आणि आम्ही गुण देत असू. कारण एकेका कवितेवर प्रश्न काढला असता तर वर्गात ती कविता शिकवावी लागली असती, आणि ती शिकवायची तर विद्यार्थ्यांचे बोलणे ऐकावे लागले असते. नोकरी टिकवण्याच्या, अहवाल भरण्याच्या, गुणांकनाच्या फेऱ्यांतून वाट काढण्याच्या गडबडीत चरित्र ही आमचीही सोय होती. पाहुण्यांना नावे ठेवताना हे विसरता येत नाही. त्यांना ती गोष्ट आम्हीच पुरवली होती.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. सुर्वे स्वतःच आपले आयुष्य कवितेतून सांगतात ना? ‘माझे विद्यापीठ’ हे नावच, मॅक्झिम गॉर्कीच्या आत्मकथेची आठवण देत, आत्मचरित्राकडे बोट दाखवत नाही काय? दाखवते. आयुष्य आणि कविता यांचा संबंध नाही असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे शुद्ध अडाणीपणाचे ठरेल. प्रश्न आहे तो कवीने या आयुष्याचे काय केले हा.

यासाठी ‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’ ही कविता घेऊ. एक वेश्या आपल्या मुलाला शाळेत घालायला आली आहे. मास्तर दाखल्यासाठी बापाचे नाव विचारतात, आणि ती म्हणते, की तुमचेच लिहा. सुर्व्यांचे चरित्र माहीत असलेला वाचक लगेच म्हणतो, ‘अरेरे, हा स्वतःचाच अनुभव!’ पण थांबून पाहा. बापाचे नाव नसलेले मूल या कवितेत आहे, तरी बोलते ती त्याची आई. आणि जन्मदात्याचा पत्ता नसलेला, पुढे पालिकेच्या शाळेत मास्तर झालेला नारायण सुर्वे या प्रसंगात कोठे असेल? टेबलाच्या पलीकडे. नोंदवही त्याच्या हातात आहे. ज्याने स्वतः ही विचारणा सोसली असेल, तो येथे स्वतःला विचारणाऱ्याच्या खुर्चीत बसवतो आणि सगळा आवाज समोरच्या बाईला देऊन टाकतो. आपल्या दुःखाची दाद मागण्याची आयती संधी असताना ती न घेणे आणि स्वतःलाच उत्तरदायी ठरवणे, ही या कवितेची नैतिक करामत आहे. ‘स्वानुभवाची कविता’ असा शिक्का मारला की नेमकी तीच दिसेनाशी होते.

सुर्व्यांच्या उत्तम कवितांमधून असे दुसऱ्यांचे आवाज येत राहतात. ‘शीगवाला’मधला दाऊद आपल्या बंबई बोलीत फाळणीच्या दिवसांतला रक्तपात आठवतो. ‘डोंगरी शेत’मधली बाई शेतातल्या अखंड राबणुकीचा हिशेब मांडते, ते गाणे इतके पसरले, की अनेकांना ते लोकगीतच वाटते, कवीचे नाव ठाऊकही नसते. आम्हांला विचाराल, तर पद्मश्रीहून मोठा सन्मान तो. कवीचे नाव गळून पडले आणि शब्द लोकांच्या तोंडी राहिले. उलट आमच्या सभागृहात नाव राहिले, शब्द गळून पडले.

हा रोग केवळ मराठीचा नाही. रुमानियात मिहाई एमिनेस्कू (१८५०–१८८९) हा राष्ट्रकवी मानला जातो. गरिबी, ‘टिम्पुल’ या वृत्तपत्रातली राबवून घेणारी पत्रकारिता, अखेरच्या सहा वर्षांतले मानसिक आजारपण आणि एकोणचाळिसाव्या वर्षी मृत्यू अशा त्याच्या आयुष्याची तेथे पुराणकथा झाली. जॉर्ज कालिनेस्कू या थोर समीक्षकाने १९३२मध्ये त्याचे चरित्र लिहिले, तेही रुमानियन साहित्यातले अभिजात पुस्तक ठरले. आज त्याचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा तेथे राष्ट्रीय संस्कृती दिन आहे. त्याचे चित्र नोटेवर आहे. १९९८मध्ये ‘दिलेमा’ या साप्ताहिकात काही तरुण लेखकांनी, आपण या कवीला पूजतो पण वाचतो का, अशा आशयाचे खटकणारे सवाल केले, तेव्हा केवढा गहजब झाला! कवीची मूर्ती झाली, की वाचणाऱ्यावरच पाखंडाचा आरोप येतो. आपल्याकडे बालकवी म्हटले की भादलीचे रेल्वे रूळ आणि मर्ढेकर म्हटले की अश्लीलतेचा खटला; कविता नंतर, वेळ उरला तर. मात्र सुर्व्यांच्या बाबतीत या सवयीची किंमत अधिक आहे, कारण येथे ती जिवंत माणसांकडून वसूल होते.

कशी, ते सांगतो. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखे उभे राहिले नाही. त्या घरांतली किती कुटुंबे खाडी ओलांडून आमच्याकडे आली, ते वर्गाच्या हजेरीपटावर दिसते. कोणी घणसोलीत, कोणी कळंबोलीत; गिरणी कामगारांच्या घरांची एक सोडत २०१६मध्ये पनवेलजवळच्या कोन येथे निघाली. मुंबईतल्या मशीद बंदर परिसरातला घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला आला आणि त्याच्या मागोमाग माथाडी आले. त्यांच्यासाठीचा १९६९चा कायदा अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखालच्या चळवळीतून मिळाला. कोणाच्या व्यक्तिमत्त्वविकासातून मिळाला नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले अनेक रासायनिक कारखाने बंद पडले आणि त्या जमिनींवर काचेच्या इमारती आल्या. त्यांच्या दारात आज कंत्राटी सुरक्षारक्षक उभे असतात; त्यांतल्या काहींची मुले आमच्या वर्गात बसतात. आणि सुर्वे? उत्तरायुष्यात ते येथून फार दूर नसलेल्या नेरळला राहत होते; १६ ऑगस्ट २०१० रोजी ठाण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या कवितेतले जग संपले असे म्हणणाऱ्याने पहाटे चारला तुर्भ्याच्या भाजी बाजारात यावे.

अशा मुलांना आपण सुर्वे कोणत्या स्वरूपात देतो? ‘एक जण सुटला, तूही सूट’ या स्वरूपात. म्हणजे न सुटलेले ते नालायक. बापाच्या पाठीवरचे ओझे हा बापाच्या इच्छाशक्तीचा दोष ठरतो. मजुरी, कंत्राट, बंद गिरणी यांचा उल्लेखच नको. ज्या कवीने आयुष्यभर पाठीवर ओझे असलेल्या माणसाला ताठ उभे केले, त्याच्याच नावाने त्या माणसाच्या मुलाला बापाची लाज वाटायला शिकवायची, याहून मोठी विटंबना कोणती?

त्या प्रश्नानंतर आम्ही एक साधा बदल केला. सुर्व्यांवरचा पहिला तास कवीचे नाव न सांगता घ्यायचा. ‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’ ही कविता फळ्यावर लिहिली, दोनदा वाचली आणि गप्प बसलो. बराच वेळ शांतता होती. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘बापाचं नाव नाही म्हणून एवढं अडलं. पण त्या बाईचं नाव कुणी विचारलंच नाही की!’’ वर्गात एकदम बोलणे सुरू झाले. मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव लिहिण्याचा जो निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४मध्ये घेतला, तोही चर्चेत आला. अर्ज भरताना स्वतःच्या आईला काय काय ऐकावे लागले, हे दोघींनी सांगितले. त्या तासाला चरित्र कोणाला आठवले नाही. आठवडाभराने आम्ही ते सांगितले, गंगाराम आणि काशीबाईंसह, तेव्हा ते कोणाला चढायची शिडी वाटले नाही. कविता आधी वाचलेल्यांना चरित्रातली माणसे दिसतात, एवढाच आमचा अनुभव आहे. त्याचा सिद्धांत करण्याची घाई नाही.

सहकाऱ्यांना विनंती अशी, की पुढच्या परीक्षेला ‘जीवन व कार्य’ या छापाचा प्रश्न काढू नका. एक कविता छापून द्या आणि तिच्यात कोण बोलते, कोणाशी बोलते, एवढेच विचारा. गाइडवाल्यांचे थोडे नुकसान होईल, ते सोसू. कार्यक्रमांच्या संयोजकांना विनंती, की कवीवर बोलायला येणाऱ्या पाहुण्याला किमान तीन कविता वाचून दाखवण्याची अट घाला. आणि ‘प्रचारकी’ म्हणून मोकळ्या होणाऱ्या समीक्षकांना विनंती, की आधी पुस्तक उघडा. भांडण मग करू.

‘तेव्हा एक कर’ या कवितेत आपल्या मरणानंतरचा विचार करणारा नवरा बायकोला पुन्हा संसार थाटायला सांगतो. आपल्या आठवणीचीही सक्ती तो तिच्यावर करत नाही. इतक्या मोकळ्या मनाच्या कवीला पुतळा होण्याची हौस असेल असे आम्हांला वाटत नाही.

राहता राहिला तो विद्यार्थी. त्याला आम्ही शेवटी एवढेच म्हणालो, की तुझ्या आजोबांची चूक नव्हती आणि बाबांचीही नाही. सुर्वे तुझ्या बाबांना मागे टाकून गेलेले नाहीत, त्यांच्याविषयीच लिहीत होते. त्याने ग्रंथालयातून ‘माझे विद्यापीठ’ नेले आहे. परत करण्याची मुदत उलटून गेली. दंड भरावा लागला तर आम्ही भरणार आहोत.